आई-बाबा येताहेत, यॉर्कला दीड दिवस आहे: काय बघावं, काय सोडावं?

माहुलीकर

नमस्कार मंडळी. मी लीड्सला असते. एप्रिलच्या शेवटी आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. लंडन भाऊ दाखवणार आहे, माझ्या वाट्याला यॉर्क आलंय. शनिवार पूर्ण आणि रविवार दुपारपर्यंत, मुक्काम तिथेच. मी स्वतः गेलेय, पण ऑफिसच्या टोळक्याबरोबर, आणि त्यात पब सोडून काहीही बघितलं नाही.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. गडकिल्ल्यांचं वेड. तट दिसला की हात लावून बघणार, दगड कुठून आणला, चुना कसला, चोरदरवाजा कुठे. राजवाडे, गालिचे, चिनी मातीची भांडी यात काडीचा रस नाही. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर आरामात चालते, जिने मात्र नको. शाकाहारी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. आणि कुठेही नेलं तरी तिचा पहिला प्रश्न, "इथल्या बायका काय करायच्या?"

नेटवर यादी बघितली तर सगळीकडे तिकिटं. बाबा प्रत्येक तिकिटाचे रुपये करतात आणि मग "तुम्ही या बघून, मी बाहेर बसतो" म्हणतात. तर पैसे कुठे टाकावेत आणि कुठे वाचवावेत? मिन्स्टर, म्हणजे तिथलं मोठं चर्च, आतून बघायलाच हवं का?

खुसपट

यॉर्कला दीड दिवस म्हणजे फार झाला. शॅम्बल्सच्या गल्लीत फोटो, मिन्स्टर बाहेरून, योर्विक या व्हायकिंग म्युझियममध्ये त्या लोकांचा वास (खरोखरच वास सोडतात आत), संध्याकाळच्या गाडीने परत. क्लिफर्ड्स टॉवरवर एक पेनी घालवू नका. टेकाडावर ठेवलेली रिकामी बादली आहे ती. आपल्याकडचा कुठलाही फुटका बुरुज बरा.

औसतीर

खुसपट, बादलीकडे नंतर येते.

माहुलीकर, मी बरीच वर्षं यॉर्कात आहे आणि मिरजेपासून पुण्यापर्यंतचा जो पाहुणा येतो त्याला फिरवायचं काम माझ्याच गळ्यात. त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बस.

तुझ्या बाबांना सगळे नेतात तसं थेट मिन्स्टरला नेऊ नकोस. स्टेशनातून बाहेर पडून नदी ओलांडली की म्युझियम गार्डन्स लागते. फुकट आहे, आईसाठी बाकं आहेत, खारी आहेत, एका बाजूला सेंट मेरीज अ‍ॅबीचे पडके खांब आहेत. राजा आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले त्यात १५३९ साली हा मठही गेला. पण बाबांना घेऊन जायचंय ते उजव्या हाताच्या मल्टँग्युलर टॉवरपाशी. त्यांना काही सांगू नकोस, नुसतं समोर उभं कर. खालचे थर लहान लहान चौकोनी दगडांचे आहेत, हातात मावतील असे, एकसारखे घडवलेले. मधूनच लाल विटांचा पट्टा आडवा गेलाय. तो सगळा भाग रोमन. थोडं वर गेलं की दगड एकदम मोठे होतात आणि जंग्या (बाण मारायच्या फटी) दिसायला लागतात. ते मध्ययुगातलं काम, खालच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी चढवलेलं. दोन्हींमधली रेघ बोटाने दाखवता येते. आतल्या अंगाला जाऊन बघा, तिथे रोमन दगडी शवपेट्या ठेवल्यात. माझे सासरे तिथे इतका वेळ रमले की मी शेवटी पिशवीतली चकली काढली.

एवढं बघितलं की बाकी शहराची किल्ली हातात आली असं समज. रोमनांच्या नवव्या लीजनने (सैन्याच्या तुकडीने) इथे इ.स. ७१ मध्ये छावणी टाकली, नाव एबोराकम. सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राट २११ मध्ये इथेच वारला. ३०६ मध्ये कॉन्स्टान्शियस वारला तोही इथेच, आणि सैन्याने त्याच्या मुलाला जागच्या जागी सम्राट म्हणून उचलून धरलं. तो कॉन्स्टंटाइन. पुढे ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा. मिन्स्टरच्या दक्षिण दाराजवळ त्याचा ब्राँझचा बसलेला पुतळा आहे. पोरं त्याच्या पायाशी बसून सँडविच खातात. त्याच्यासमोर एक रोमन खांब उभा आहे, मिन्स्टरच्या पोटातून निघालेला. गावात म्हणतात की तो उभारताना खालची बाजू वर झाली. बाबांना विचार, त्यांना काय वाटतं.

तट. पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटर, एक पैसा लागत नाही, सकाळी उघडतात आणि अंधार पडायच्या आत बंद करतात. सगळी फेरी मारायचा हट्ट करू नका. बूथम बार ते मंक बार हा तुकडा करा. (बार म्हणजे इथली वेस, तुझ्या ऑफिसवाल्यांचा बार नव्हे.) मिन्स्टरच्या मागून जाणारा हा पट्टा रोमन कोटाच्याच ओळीवर आहे, जुना कोट खाली मातीत आहे आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरून चालता. वर जायचे जिने अरुंद आणि उभे आहेत, आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. आईला वर नेऊच नकोस. तिला डीन्स पार्कमध्ये मिन्स्टरच्या सावलीत बसव. तुम्ही बापलेक अर्ध्या तासात फिरून याल.

मंक बारच्या माथ्यावर दगडी माणसं आहेत, हातात धोंडे घेऊन खाली टाकायच्या पवित्र्यात. वेशीतली वरून खाली सोडायची लोखंडी जाळीही अजून जागेवर आहे. पण बाबांचं खरं काम वॉमगेट बारला आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. वेशीपुढे भिंतींची कोंडी असते ना, आपल्याकडे रणमंडळ म्हणतात, ते यॉर्कच्या वेशींपैकी फक्त इथेच शाबूत राहिलंय. बाकी वेशींची पाडली. १८०० च्या सुमाराला तर गावकारभाऱ्यांनी सगळा तटच पाडायला काढला होता. रहदारीला अडचण होते, हवा खेळत नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत, अशी सगळी ओळखीची कारणं. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला.

आता तिकिटांचं. मिन्स्टरला काढ. स्वस्त नाही, पण तिथेच काढ. बाहेरून बघून गेलेल्यांना मी मिन्स्टर बघितलं असं म्हणू देत नाही. १२२० च्या सुमाराला कामाला लागले आणि १४७२ ला पुरं झालं म्हणतात. पूर्वेची मोठी खिडकी बघा, टेनिस कोर्टाएवढी काच आहे. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत रंगवून घेतली. करारच होता तसा, आणि वेळेत संपवलं तर १० पौंड वर, सगळे मिळून ५६ पौंड. बाबांना हा आकडा आधी सांग, मग तिकिटाचा. काच वाचली कशी तेही सांग. १६४४ मध्ये राजाविरुद्धच्या यादवीत पार्लमेंटच्या फौजेने यॉर्कला वेढा घातला, वॉमगेट बारवर तोफा डागल्या, शहर पडलं. अशा वेळी त्या सैन्याने इतर ठिकाणी चर्चमधल्या काचा फोडल्या होत्या. इथे सेनापती फेअरफॅक्स मूळचा यॉर्कशायरचाच, त्याने हात लावू दिला नाही.

त्याच तिकिटात खालचं तळघर येतं, ते चुकवू नका. १९६७ मध्ये लक्षात आलं की मधला मनोरा खचतोय, भेगा रुंदावताहेत. मग पाया उकरला, खांबांच्या बुडाभोवती काँक्रीटचे पट्टे ओतले आणि त्यातून पोलादी सळया ताणून बसवल्या. उकरताना खाली निघालं रोमन छावणीचं मुख्य ठाणं. आज तळघरात एका बाजूला रोमन भिंत आणि दुसऱ्या बाजूला त्या सळयांची टोकं नटबोल्टसकट दिसतात. वर्कशॉपमधल्या माणसाला यापरतं काय हवं. मनोऱ्यावर चढायचे २७५ पायऱ्यांचे वेगळे पैसे पडतात, ते वाचव. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारीच आत सोडतात, तेव्हा हे शनिवारीच उरका.

पैसे अजिबातच घालायचे नसतील तर संध्याकाळच्या इव्हनसाँगला, म्हणजे गाऊन केलेल्या प्रार्थनेला जा. फुकट असतं, कोणीही बसू शकतं. वेळ त्या दिवसाची बघून घे. आतल्या लाकडी आसनांत बसून पोरांचं गाणं ऐकायचं, पाऊण तासात बाहेर. पण त्या वेळी हिंडायला देत नाहीत. आईला आवडेल, बाबा पेंगतील.

आता बादली. खुसपट, ती रिकामी का आहे ते ऐका. ११९० च्या मार्चमध्ये त्या टेकाडावर लाकडी बुरूज होता. यॉर्कच्या ज्यू लोकांवर जमाव धावून आला तेव्हा दीडशेच्या आसपास माणसं, बायकापोरांसकट, त्यात जाऊन लपली. बाहेरच्या पुढाऱ्यांपैकी कितीतरी त्यांचे देणेकरी होते. सुटकेची आशा उरली नाही तेव्हा बहुतेकांनी आतच आपल्या हाताने मरण पत्करलं. अभय देतो म्हणून ज्यांना बाहेर काढलं त्यांना तिथेच मारलं. मग जमाव मिन्स्टरमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जाचे कागद जाळून टाकले. आजचा दगडी टॉवर पुढच्या शतकातला, १६८४ च्या आगीत आतून जळालेला. खाली पायथ्याशी स्मृतीची पाटी आहे, ती वाचायला तिकीट लागत नाही. वर जायला ५५ पायऱ्या. २०२२ मध्ये आत लाकडी मजले आणि गच्ची केली, तिथून सगळं यॉर्क दिसतं. बाबांना पाठव, आईबरोबर तू खाली थांब.

आईसाठी म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. म्युझियम गार्डन्समध्येच यॉर्कशायर म्युझियम आहे. तिथे चौथ्या शतकातल्या एका बाईची कबर आहे, १९०१ मध्ये सापडलेली. बाई श्रीमंत घरची, तरुण. बरोबर हस्तिदंताच्या बांगड्या, व्हिटबीकडच्या काळ्या जेट दगडाच्या बांगड्या, काचेचे मणी, आरसा. हाडांचा अभ्यास झाला तेव्हा निघालं की तिचं मूळ उत्तर आफ्रिकेकडचं असावं. आईचा नेहमीचा प्रश्न तिथे विचारू दे.

शॅम्बल्स रविवारी सकाळी आठला. दुपारी तिथे माणसांच्या पाठी बघायला मिळतात. खाटकांची गल्ली होती, दुकानांवर मांस टांगायचे आकडे अजून आहेत, वरचे मजले इतके पुढे झुकलेत की समोरासमोरच्या बायका हात पुढे करून साखर मागू शकल्या असत्या. पाच मिनिटं पुरे. मग गुडरमगेटवरून चालत ये आणि एका कमानीतून आत होली ट्रिनिटी नावाच्या लहानशा चर्चमध्ये शिर. उघडायची वेळ बघून ये. लाकडी खोक्यांसारख्या बैठका, खालीवर झालेली फरशी, गर्दीचं नाव नाही. रस्त्यावरची त्याच्या पुढची घरांची ओळ १३१६ मधली आहे.

आणि जेवण! हे अगदी महत्त्वाचं. यॉर्कशायरमध्ये चिप्स पुष्कळ दुकानांत गाईच्या चरबीत तळतात. बटाटा आहे म्हणून आईला देऊन मोकळी होऊ नकोस, आधी "ड्रिपिंग की तेल?" असं विचार. इथल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, तो हसून खरं सांगतो.

इंजिनवेडा

एवढं लिहिलं आणि रेल्वे म्युझियम नाही? एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस यॉर्कला येतो आणि रेल्वे म्युझियम न बघता जातो, हे मी होऊ देणार नाही.

नॅशनल रेल्वे म्युझियम, स्टेशनच्या पाठीमागे, चालत दहा मिनिटं, प्रवेश फुकट. मॅलर्ड आहे, ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल धावलेलं वाफेचं इंजिन. तो विक्रम वाफेच्या इंजिनात अजून तिच्याच नावावर आहे. जपानच्या पहिल्या बुलेट ट्रेनचा डबाही आहे, आत बसता येतं. पण बाबांना न्या ते उभ्या कापलेल्या इंजिनापाशी, एलरमन लाइन्स त्याचं नाव. बॉयलर, आतल्या नळ्या, सिलिंडर, दट्ट्या, सगळं एका बाजूने उघडं करून ठेवलंय. आग कुठे, पाणी कुठे, वाफ कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवता येतं. चीनसाठी बांधलेलं एक अवाढव्य इंजिन आहे, ते व्हल्कन फाउंड्रीचं. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली तिची इंजिनं याच कारखान्यातून आली होती. हे बाबांना तिथे गेल्यावर सांगा, आधी नको.

सगळं सपाट आहे, बसायला जागा आहेत, आईला त्रास नाही. रविवारी सकाळी हेच ठेवा.

माहुलीकर

औसतीर, तुमचा प्रतिसाद छापून घेतला. इंजिनवेडा, रविवार तुमचा. दोन प्रश्न. योर्विकला जावं का? आणि वॉमगेट बारपर्यंत आई चालेल का?

औसतीर

अगं तुम्ही काय, तू म्हण.

योर्विक चांगलं आहे, पण ते मुलांसाठी पहिलं आणि बाबांसाठी शेवटचं. १९७६ ते ८१ या काळात कॉपरगेटला खोदकाम झालं, ओल्या मातीमुळे लाकूड, चामडं, कापडसुद्धा टिकलं होतं. त्याच जागेवर १९८४ मध्ये हे उभं केलं. पाळण्यासारख्या गाडीत बसवून व्हायकिंग वस्तीतून फिरवतात. आईचे गुडघे खूश होतील. पण पुतळे बोलतात, बाबा म्हणतील जत्रेत आणलं. वेळ उरला तर ठरव, आणि आधी बुकिंग कर.

वॉमगेटला आईला चालवू नकोस. मंक बारपासून टॅक्सी कर, चार-पाच मिनिटांचं काम. दिवसात कधीतरी नदीकाठी किंग्ज स्टेथवर मात्र थांबा. तिथल्या जुन्या पबमध्ये दाराशी पुराच्या खुणा लावल्यात, कोणत्या वर्षी पाणी कुठवर आलं त्या. कृष्णाकाठच्या माणसाला त्या वाचायला कुणी शिकवावं लागत नाही.

खुसपट

११९० चं माहीत नव्हतं. बादली हा शब्द मागे घेतो. योर्विकचा नाही घेत.

माहुलीकर

परत आलो! बाबांनी मोबाईलवर हे सगळं वाचलंय, त्यामुळे वृत्तांत जपून लिहिते.

मल्टँग्युलर टॉवरपाशी बाबा आधी दहा पावलं मागे गेले, मग जवळ आले, लाल विटांवर पंजा ठेवून वर बघत राहिले आणि म्हणाले, "वरचा गवंडी घाईत होता." का, तर खालचे सांधे एका ओळीत आहेत, वरचे नाहीत. शेजारी एक इंग्रज आजोबा उभे होते, त्यांना हे मला इंग्रजीत सांगायला लावलं. मग ते दोघं आणि मधे मी दुभाषी, अर्धा तास गेला. डीन्स पार्कमध्ये आई तोवर एका बाईकडून विणकामाचा टाका शिकून मोकळी.

मिन्स्टरच्या तळघरात सळयांच्या नटांकडे बघून बाबांनी पान्याचा नंबर अंदाजाने सांगितला. तिकिटाचे रुपये केलेच नाहीत. खिडकीखाली मात्र ५६ पौंड ऐकून म्हणाले, कारागिराला तेव्हाही कमीच दिले.

क्लिफर्ड्स टॉवरवर ते एकटे गेले. खाली आले ते गप्प, पाटी त्यांनी आधीच वाचली होती. मग म्हणाले, वर राजाचा शौचकूप दाखवतात, तिसऱ्या हेन्रीचा, तिथे जायला आता मुद्दाम वाट केलीय. रायगडावर आलेल्यांना बाबा तिथले शौचकूप दाखवत सुटतात, त्यामुळे त्यांना फार बरं वाटलं.

आईची बांगडीवाली बाई. काचेपुढे बराच वेळ उभी राहिली. "हातभर बांगड्या ठेवून पुरलीय म्हणजे सवाष्ण गेली असणार," असा निकाल दिला. मी म्हटलं, ते इथे कोणी तसं मानत नाही. तर म्हणे, "तुला काय माहीत, आरसाही दिलाय ना बरोबर." त्या कबरीतल्या हाडाच्या पट्टीवर लॅटिनमध्ये "भगिनी, देवाच्या ठायी तुला आयुष्य लाभो" अशा अर्थाचं काही कोरलंय, ते मी तिला वाचून दाखवलं. तिने नमस्कार केला.

चिप्सबद्दल विचारलं. दोन ठिकाणी चरबी निघाली, तिसऱ्या ठिकाणी तेल. वाचलो.

रेल्वे म्युझियममधून बाबांना ओढून काढावं लागलं. कापलेल्या इंजिनापाशी तिथल्या स्वयंसेवकाने त्यांना शेवटी जवळ बसवून घेतलं. इंजिनवेडा, दंडवत.

आता बाबा विचारताहेत, असा कोट आणखी कुठे आहे? जूनपर्यंत आहेत ते.

औसतीर

चेस्टर. तिथेही रोमन तट आणि त्यावर मध्ययुगातला, जवळजवळ अखंड, फेरी साधारण तीन किलोमीटर. काही ठिकाणी पायऱ्यांऐवजी चढण आहे, त्यामुळे आईसुद्धा थोडा तट चालू शकेल. खाली गावात दुकानांच्या दोन मजली ओळी आहेत, वरच्या मजल्याला सलग ओसरी, पावसात कोरडं फिरता येतं. लीड्सहून मँचेस्टरला गाडी बदल. दुरुस्तीसाठी तटाचा एखादा तुकडा बंद असतो, निघायच्या आधी कौन्सिलच्या साइटवर बघून घे. आणि टाका कुठला शिकल्या त्या, तो मला कळव.